वज्रलेप आणि रासायनिक संवर्धन : लेप चढवणे वेगळे, पाषाण सावरणे वेगळे

अंबाबाईच्या मूर्तीचा विषय निघाला की कोल्हापुरात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. ‘देवीला परत वज्रलेप करणार म्हणे,’ असे टपरीवर बोलले जाते, मथळ्यांत छापले जाते आणि गावोगावच्या देवस्थान कमिट्यांच्या ठरावांतही तेच उतरते. मूर्तीला वज्रलेप झाला तो १९५० च्या दशकात. २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केले ते रासायनिक संवर्धन. ही दोन्ही कामे, त्यांचे साहित्य, करणारी माणसे आणि त्या माणसांचे शिक्षण, सगळेच वेगळे. घोळ बोलण्यापुरता असता तर सोडून देता आला असता. पण त्यापायी चुकीच्या माणसाला चुकीचे काम दिले जाते आणि शेकडो वर्षे टिकलेला पाषाण काही वर्षांत सोलू लागतो.

वज्रलेप काय असतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको. झिजलेल्या मूर्तीवर कठीण होणारा लेप द्यायचा, नाक-डोळे पुन्हा रेखायचे, रंग जुळवायचा. जुनी कृती वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आहे: टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, सालईचे बी, धामणाची साल आणि वेखंड यांचा काढा आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचा, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बे, जवस, बेल घालायचे आणि गरम असतानाच लावायचा. आज वज्रलेपाच्या नावाखाली जे लावले जाते त्याचा या कृतीशी फारसा संबंध उरलेला नाही. बहुतेक ठिकाणी ते दोन डब्यांतले इपॉक्सी रेझिन असते, त्यात दगडाची भुकटी आणि काळा रंग कालवलेला. जुन्या कृतीतले जवसाचे तेल आणि बिब्ब्याचा चीकही कालांतराने काळवंडतात आणि कशातच विरघळेनासे होतात, हेही लक्षात ठेवावे. ती परंपरेतली आहे एवढ्यावरून ती निर्धोक ठरत नाही.

आता मूळ फरकाकडे येऊ. बहुतेकांची समजूत अशी की दोन्हीत मूर्तीवर काहीतरी लावतात, एकात जुने औषध, दुसऱ्यात नवे. ही समजूतच सगळ्या चुकांचे मूळ आहे. वज्रलेप पाषाणाच्या पृष्ठभागावर बसतो. संवर्धनातले द्रव्य पाषाणाच्या छिद्रांत मुरते आणि छिद्रे उघडी ठेवते. एक थर आहे, दुसरा आतला आधार. बाहेरून बघितले तर दोन्ही मूर्ती ताज्या दिसतील. पण पाण्याला दोन्हीतून जायची वाट सारखी नाही.

पाण्याचे गणित असे. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. तो भक्कम दिसतो, पण त्यात लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे असतात, कुठे झिओलाइट आणि कॅल्साइट या खनिजांनी भरलेली. शतकानुशतके उघडा राहिलेला वरचा काही मिलिमीटरचा भाग आतल्या दगडापेक्षा कितीतरी सच्छिद्र झालेला असतो. त्यात पाणी तीन वाटांनी येते: अभिषेकातून, बैठकीखालच्या ओलीतून आणि पावसाळी हवेतून. पाण्याबरोबर क्षार येतात. धुण्याच्या पावडरीतून, फरशीच्या सिमेंटमधून, घामाच्या हातांतून. साध्या मिठाचे उदाहरण घ्या. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, खाली आली की पुन्हा स्फटिक होते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर ते विरघळलेले राहते आणि दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ लागली की स्फटिक धरते. स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब देतो.

मूर्ती उघडी असेल तर हे पाणी पृष्ठभागापर्यंत येऊन उडून जाते आणि क्षाराची पांढरी भुकटी बाहेर दिसते. ती मऊ ब्रशने झाडता येते. लेप असेल तर पाणी मागून आणि खालून येतच राहते, पण पुढून बाहेर पडू शकत नाही. रेनकोट घालून दिवसभर राबल्यावर आतला सदरा घामाने भिजतो, तशी ती स्थिती. लेप कधीच निर्दोष नसतो. त्याला सुईएवढी छिद्रे असतात, कडांना केसाएवढ्या भेगा असतात. पाणी तेवढ्याच जागांतून वाट काढते, म्हणून क्षारही तिथेच, लेपाच्या मागे साठतात. मग पापुद्रा सुटतो आणि सुटताना पाषाणाची वरची कातडी घेऊन येतो. नाकाचे टोक, बोटे, पापण्या, दागिन्यांच्या कडा आधी जातात, कारण बारीक भाग सगळ्या बाजूंनी वाळतो.

दुसरे कारण उष्णतेचे. तापमानाने इपॉक्सी बेसॉल्टच्या कित्येक पट जास्त प्रसरण पावते. समया, नंदादीप, आरत्या यांनी मूर्तीचा पुढचा भाग दिवसातून अनेकदा तापतो आणि निवतो. प्रत्येक वेळी लेप आणि दगड एकमेकांपासून थोडे सरकतात. लेप जितका कडक तितका हा ताण जास्त. म्हणून ‘एकदम पक्का लेप आहे’ ही शिफारस ऐकली की सावध व्हावे. लेप दगडापेक्षा कडक असेल तर तुटण्याची पाळी दगडावर येते. मग सोललेल्या जागी पुन्हा लेप, पुन्हा रेखणी, आणि तीन-चार फेऱ्यांत मूळ शिल्पकाराची छिन्नी कुठेच उरत नाही. जुना इपॉक्सी थर साध्या द्रावकात विरघळत नसल्याने तो काढायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली खरवडावा लागतो.

संवर्धनात मुरवतात ती द्रव्ये मुख्यतः दोन. पहिले इथाइल सिलिकेट. हा पातळ द्रव दगडात शोषला जातो, ओलाव्याशी संयोग होऊन त्याचे सिलिका बनते आणि अल्कोहोल उडून जाते. सुटू लागलेले कण या सिलिकाने एकमेकांना धरतात, छिद्रे मात्र बुजत नाहीत. पूर्ण जमायला तीन-चार आठवडे लागतात. दगड ओला असेल तर ते वरच्या वर जमून पांढरी झाक येते, म्हणून खिद्रापूरच्या कोपेश्वरासारख्या उघड्यावरच्या पाषाणाला पावसाळ्यात हे काम करू नये. बंद गाभाऱ्यात महिना बघायचा नाही, आर्द्रतामापक बघायचा. केसाएवढ्या भेगेपलीकडे ते भरत नाही, सुटलेला पापुद्रा चिकटवत नाही. आणि एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी: ते पुन्हा काढता येत नाही. ‘रासायनिक संवर्धन म्हणजे कधीही उलटवता येणारे काम’ हे वाक्य प्रशिक्षण घेतलेल्यांच्याही तोंडी असते आणि ते चुकीचे आहे.

काढता येते ते दुसरे, पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक रेझिन. ते ॲसिटोनमध्ये विरघळते आणि वर्षांनंतरही त्याच द्रावकाने काढता येते. कण सावरायला २ ते ५ टक्क्यांचे द्रावण, तुकडा चिकटवायला ४० ते ५० टक्क्यांचे. नवशिके हमखास घट्ट द्रावण लावतात. मग ते आत न जाता वर चकाकते आणि पुन्हा थरच तयार होतो. शिवाय ते सुमारे ४० अंशांना मऊ पडू लागते, त्यामुळे उन्हात तापणाऱ्या दगडावर त्याला धूळ चिकटते.

इपॉक्सी संवर्धकही वापरतात, पण तुटलेला जड हात स्टेनलेस स्टीलच्या पिनेवर बसवताना, सांध्याच्या आत, आणि आधी दोन्ही तोंडांना पॅरालॉइडचा पातळ हात देऊन, म्हणजे पुढे सांधा सोडवता येतो. पृष्ठभागावर कधीच नाही. पूजेतल्या पाषाणमूर्तीवर इपॉक्सीचा लेप देऊच नये, या मताला अपवाद नाही.

कमिटीला हे पटवायचे तर विटेचे दोन सारखे तुकडे घ्या. एकाला तळ सोडून सगळीकडून इपॉक्सी लावून वाळू द्या, दुसरा तसाच ठेवा. दोन्ही रात्रभर पाण्यात ठेवा, तळाला मेण लावून बंद करा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा. उघड्या विटेचे वजन दिवसागणिक उतरते, लेपवाली पाणी धरून बसते. मूर्तीवर मोजमाप करायचे तर कार्स्टन नळी असते: पृष्ठभागावर टेकवलेल्या काचेच्या नळीतून मिनिटाला किती पाणी शोषले गेले ते वाचायचे. इथाइल सिलिकेटनंतर पहिले काही आठवडे दगड पाणी झिडकारतो, नंतर ते कमी होते. त्यामुळे ही चाचणी काम झाल्या झाल्या घेऊन घाईने निष्कर्ष काढू नये.

बाकीचे फरक थोडक्यात. लेपाआधीची सफाई बहुधा चिंच, लिंबू किंवा तारेच्या ब्रशने उरकतात. आम्लाने दगडातले कॅल्साइट विरघळते आणि तारेचे कण मागे राहून गंजतात. संवर्धक आधी कोरडा मऊ ब्रश, मग शुद्ध पाणी, मग गरज पडल्यास अमोनियाचे सौम्य द्रावण अशा क्रमाने जातो, तेही कोपऱ्यातल्या छोट्या जागेवर चाचणी करून. हळदीवर अमोनिया लागला की ती लाल होते. कापसाचा बोळा लालभडक झालेला बघून शेंदूर किंवा जुना रंग निघाला असे समजू नये. क्षार काढायला शुद्ध पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जाड थापून वाळू देतात आणि लगद्यातल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजत, ती उतरेपर्यंत पुन्हा थापतात. गाभाऱ्यात ॲसिटोन उघडण्याआधी नंदादीप बाहेर हलवलाच पाहिजे. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेट घेऊ शकते आणि गाभाऱ्याला खिडकी नसते. झिजलेले नाक अंदाजाने घडवणे संवर्धनात बसत नाही. आणि या सगळ्या रसायनांपेक्षा जास्त उपयोग मूळ मूर्तीऐवजी उत्सवमूर्तीवर अभिषेक करण्याचा होतो. त्याला खर्चही नाही.

हे काम शिकायचे कुठे? इथेही घोळ आहे. शिल्पकला शिकलेला मूर्तिकार नवी मूर्ती उत्तम घडवेल. जुनी सावरणे हे त्याचे शिक्षण नाही. पुरातत्त्वाची पदवी उत्खनन आणि कालनिर्णय शिकवते, ही रसायने हाताळायला नाही. इमारतींसाठी वाट आणखी वेगळी: पाच वर्षांचे बी. आर्क., मग संवर्धनातले एम. आर्क., जे दिल्ली आणि भोपाळच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात करता येते. टाऊन हॉल, नवा राजवाडा, पन्हाळ्याच्या वास्तू हे त्यांचे क्षेत्र.

मूर्ती, चित्रे, कागद आणि धातूच्या वस्तूंसाठी संवर्धक लागतो. शिवाजी विद्यापीठाच्या कुठल्याही कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. करावे, हा आमचा ठाम सल्ला. चित्रकलेकडून येणाऱ्यांचा हात चांगला असतो, पण द्रावक का निवडला हे त्यांना सांगता येत नाही आणि तिथे ते अडतात. उलट रसायनवाल्यांनी रेखाटन शिकून घ्यावे, कारण मूर्तीच्या स्थितीचा नकाशा, म्हणजे कुठे पापुद्रा, कुठे क्षार, कुठे जुना लेप, हाताने काढावा लागतो. पुढे नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये, जी पूर्वी राष्ट्रीय संग्रहालय संस्था होती, संवर्धनात एम. ए. होते. लखनौला १९७६ मध्ये स्थापन झालेली एनआरएलसी ही राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा प्रशिक्षण देते.

नोकऱ्यांत पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा सर्वांत जुनी, १९१७ पासूनची, मुख्यालय डेहराडूनला. तिथली पुरातत्त्व रसायनज्ञाची पदे केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरतात आणि अर्हतेत रसायनशास्त्र मागतात, कलेची पदवी तिथे चालत नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेची स्वतःची संवर्धन केंद्रे आहेत. बाकी बरेच काम प्रकल्पागणिक मिळते आणि दोन प्रकल्पांच्या मध्ये हात रिकामे राहतात, हे घरी आधीच सांगून ठेवावे. कोल्हापुरात राहूनच काम करायचे असेल तर पाषाणापेक्षा कागदाकडे बघा. पुराभिलेखागारातली मोडी कागदपत्रे आणि घराघरांतल्या जुन्या चोपड्या, चित्रे, फोटो यांना गव्हाच्या स्टार्चची खळ आणि जपानी टिश्यू कागद घेऊन बसणारी माणसे हवी आहेत. त्या कामाला गाभारा, सण किंवा कमिटीची परवानगी लागत नाही, आणि एका टेबलावर, नळाच्या पाण्याला फिल्टर लावून ते सुरू करता येते.