आधी विकत घेतलेला वेग वसूल करा, मग ओव्हरक्लॉकचं बोलू

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. डेस्कटॉप असेंब्ली व दुरुस्ती, दांडिया बाजार, बडोदा)

कलाभवनातली इंजिनिअरिंगची मुलं येतात, फाइन आर्ट्समध्ये थ्री-डी करणारी येतात, मकरपुरा जीआयडीसीतल्या ड्रॉइंग ऑफिसवाले येतात. कॅबिनेट काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "काका, ओव्हरक्लॉक करून द्या ना." म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मशीन जास्त पळवा. हातात स्क्रूड्रायव्हर धरून प्रत्येकाला तेच तेच समजावण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं, म्हणून हा कागद.

आम्ही मशीन सुरू करून सगळ्यात आधी रॅमचा वेग बघतो. कितीतरी वेळा असं निघतं की खोक्यावर ३२०० छापलंय, पैसे ३२०० चे दिलेत आणि रॅम चालतेय २४०० किंवा २६६६ वर. यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमला सुरक्षित वेगावर चालवतो. छापलेला वेग रॅमच्या स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये प्रोफाइल म्हणून लिहिलेला असतो आणि ते प्रोफाइल बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं. इंटेलच्या भाषेत ते एक्सएमपी. डीडीआर५, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमसाठी, एएमडीने २०२२ मध्ये एक्स्पो आणलं. डीडीआर५ मध्ये हा फरक जास्तच बोचतो, कारण ६००० ची महागडी जोडी घ्यायची आणि ती वर्षभर ४८०० वर फिरवायची म्हणजे स्कूटर घेऊन ढकलत नेण्यातला प्रकार.

घरी बघायचं असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, वेग तिथे दिसतो. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्राममध्ये बघितलंत तर आकडा निम्मा दिसेल. डीडीआर रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते आणि सीपीयू-झेड फक्त ठोके मोजतं, म्हणून ३२०० ची रॅम तिथे १६०० दिसते. तो आकडा बरोबर आहे. कृपया यावरून भांडायला येऊ नका, दोघंजण आधीच येऊन गेलेत.

एक्सएमपी म्हणजेसुद्धा, काटेकोर बोलायचं तर, ओव्हरक्लॉकिंगच. डीडीआर४ चं नेहमीचं व्होल्टेज १.२, प्रोफाइल लावलं की बहुतेक वेळा १.३५ होतं. रॅम बनवणाऱ्याने ती स्टिक त्या वेगावर तपासलेली असते, पण तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर तो वेग पेलेलच असं वचन कोणी दिलेलं नसतं. म्हणून प्रोफाइल चालू केल्यावर आम्ही मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावतो. आमच्याकडून घेतलेल्या मशीनवर या कामाचे वेगळे पैसे नाहीत.

रॅमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. १६ जीबीची एकच स्टिक लावण्यापेक्षा ८-८ च्या दोन लावा, कारण मग रॅमकडे जाणारे दोन्ही रस्ते (चॅनल) कामाला लागतात. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. घरी रॅम काढून पुसून परत लावताना लोक हमखास पहिल्या-दुसऱ्यात लावतात आणि मशीन स्लो झालं म्हणून येतात. दुसरं, नुसता मोठा आकडा बघून रॅम घेऊ नका. सीएल नावाचा, म्हणजे रॅमला उत्तर द्यायला किती ठोके लागतात तो आकडा बघा, त्याला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. ३२०० ची सीएल१६ रॅम म्हणजे १० नॅनोसेकंद. ६००० ची सीएल३० म्हणजेही १० च. ६००० ची सीएल३६ मात्र १२. पहिला बाइट हातात यायला किमान एवढा वेळ लागतो. त्यानंतरचा डेटा मोठ्या आकड्याची रॅम भराभर ओतते, म्हणून दोन्ही आकडे बघायचे.

आता प्रोसेसर. प्रोसेसरचा वेग म्हणजे एक गुणाकार आहे. बोर्डचं मूळ घड्याळ साधारण १०० मेगाहर्ट्झ, त्याला प्रोसेसरच्या मल्टिप्लायरने गुणायचं. मल्टिप्लायर ५० असेल तर ५ गिगाहर्ट्झ. ओव्हरक्लॉक करणं म्हणजे हा ५० चा ५२ करणं आणि तेवढ्यावर प्रोसेसर अडखळू नये म्हणून जरूर पडल्यास व्होल्टेज थोडं वाढवणं.

पूर्वी यात खरंच मजा होती. १९९८ चा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, बस (तेव्हाचं मूळ घड्याळ) ६६ वरून १०० केली की ३०० चा ४५० मेगाहर्ट्झ होऊन बसायचा. दीडपट, फुकटात! त्यानंतरच्या अ‍ॅथलॉनवर तर प्रोसेसरवरचे तुटलेले ठिपके साध्या शिसपेन्सिलीने जोडून मल्टिप्लायरचं कुलूप उघडायचे. २००७ चा क्यू६६०० सुद्धा २.४ वरून ३ गिगाहर्ट्झला बिनतक्रार जायचा. ते दिवस बघितलेल्यांना आजचं ओव्हरक्लॉकिंग पानचट वाटतं आणि त्याला कारण आहे. आजचा प्रोसेसर टर्बोच्या नावाखाली स्वतःच स्वतःला पळवतो. उष्णता आणि वीज परवानगी देईल तितकं वर जातो आणि कंपनीने बरीचशी मलई आधीच काढून घेतलेली असते. आपल्या वाट्याला तीन, चार, फार तर पाच-सात टक्के उरतात.

तेही प्रत्येकाला नाही. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी के असलेला प्रोसेसर लागतो आणि बोर्ड झेड मालिकेतला. के नसलेला आय५-१२४०० किंवा झेड नसलेला बी७६० बोर्ड घेऊन आलात तर प्रोसेसरचं काही करता येत नाही. बी७६० वर रॅमचं प्रोफाइल मात्र चालतं. एएमडीचे बहुतेक रायझन कुलूपबंद नसतात, पण बोर्ड ए३२० किंवा ए५२० असेल तर तो अडवतो. रायझन ५८००एक्स३डी प्रोसेसर मुळातच कुलूपबंद आहे. मशीन घेतानाच हे ठरवावं लागतं, म्हणून कोटेशन मागताना काय करायचंय ते मोकळेपणाने सांगा.

वेग वाढला की वीज किती वाढते, याचा हिशेब बहुतेकांना ठाऊक नसतो. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर १.१ गुणिले १.२१, म्हणजे १.३३. जो प्रोसेसर १२० वॅट खात होता तो १६० खाणार. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, त्या कॅबिनेटमध्ये, तुमच्या खोलीत.

आणि खोली बडोद्यातली आहे, हे विसरून चालत नाही. परदेशातल्या व्हिडिओत जो माणूस हसत हसत ५.३ गिगाहर्ट्झ दाखवतो त्याच्या खोलीत २० अंश असतात. कूलर, मग तो पंख्याचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली एक अंश तापली की प्रोसेसरही जवळपास एक अंश तापतो. यात आमचीच एक चूक सांगतो. उत्तरायणाच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं रेंडरिंगचं मशीन ५.२ वर बसवून दिलं. रात्रभर टेस्ट चालली, ८४ अंशांच्या वर गेलं नाही, आम्ही खूश. मे महिन्यात पारा ४२ ला गेला आणि त्यांचं मशीन रोज दुपारी तीनच्या सुमारास बंद पडायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरची गच्चीखालची खोली, एसी नाही. जानेवारीचे ८४ मेमध्ये शंभराला टेकणारच होते, हे आम्हाला तेव्हाच सुचायला हवं होतं. ५ वर आणलं, व्होल्टेज कमी केलं, मशीन शांत झालं. वेगातला फरक चार टक्क्यांचाही नव्हता. तेव्हापासून हिवाळ्यात टेस्ट केली तर आम्ही १५ अंश वर धरूनच आकडा ठरवतो.

याच कारणाने आम्ही बऱ्याच लोकांना उलटी गोष्ट सुचवतो, ती म्हणजे व्होल्टेज कमी करणं. रायझन ५००० आणि पुढच्या प्रोसेसरांत कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. त्यात उणे १० किंवा उणे १५ टाकलं तर प्रोसेसर त्याच वेगाला कमी व्होल्टेज घेतो, थंड राहतो आणि थंड राहिल्यामुळे टर्बोला जास्त वेळ धरून ठेवतो. म्हणजे वेगही मिळतो आणि पंखाही ओरडत नाही. प्रत्येक प्रोसेसरचा आकडा वेगळा निघतो, मित्राचा उचलून लावू नका. रायझन ७६००एक्स किंवा ७७००एक्सवाले ९५ अंश बघून घाबरून येतात. ते प्रोसेसर कामाच्या भारात ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत. पटत नसेल तर इको मोड, म्हणजे प्रोसेसरच्या विजेवर मर्यादा, लावून देतो.

आणखी एक. "मशीन स्लो झालंय, ओव्हरक्लॉक करा" म्हणून आलेल्या कॅबिनेटचं झाकण उघडलं की कूलरच्या पट्ट्यांत धुळीची गोधडी असते आणि थर्मल पेस्टची खडी झालेली असते. प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करत असतो. ब्लोअर मारला, पेस्ट बदलली की निम्मी गिऱ्हाइकं ओव्हरक्लॉकचं नाव काढत नाहीत. आमचं त्यात थोडं नुकसान होतं, पण असो.

आता नकार कुणाला देतो तेही लिहून ठेवतो. ज्या मशीनवर टॅली, जीएसटीची कामं किंवा सीएचं ऑफिस चालतं त्यावर आम्ही ओव्हरक्लॉक करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. प्रोसेसर अस्थिर असेल तर निदान बहुतेक वेळा मशीन बंद पडून ओरडून सांगतो. रॅम अस्थिर असेल तर ती कधी कधी मुकाट्याने एखादा आकडा बदलते, फाइल तशीच सेव्ह होते आणि बॅकअपमध्येही तीच जाते. मार्चअखेरीला ते सापडलं तर काय होईल याची कल्पना तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त आहे. गेमसाठी करायचं असेल तर आधी ग्राफिक्स कार्ड किती टक्के भरतंय ते बघा. ते ९८-९९ वर असेल तर प्रोसेसर पळवून एक फ्रेमही वाढणार नाही. ब्लेंडरमध्ये ग्राफिक्स कार्डवर रेंडर करणाऱ्यांनाही तेच.

लोकल एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि अर्थिंग नसलेला प्लग असेल तरीही नाहीच.

वॉरंटीबद्दल स्पष्ट बोलू. ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान प्रोसेसर कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. एएमडीच्या अटींत तर त्यांचीच एक्स्पो सोय वापरून झालेलं नुकसानही बसत नाही. व्यवहारात एक्सएमपी-एक्स्पोमुळे जळालेला प्रोसेसर आमच्याकडे आलेला नाही, पण कागदावर अट आहे, ती तुम्हाला माहीत असावी.

काही न करताही बायोस अपडेट मात्र करून घ्या, विशेषतः इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे वरचे प्रोसेसर असतील तर. त्यांतल्या काहींना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्याच ऑगस्टपासून बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. रायझन ७००० वाल्यांनीही २०२३ च्या मध्यानंतरचं बायोस आहे ना ते बघावं. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांना जाणाऱ्या एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा तेव्हा घातली गेली.

घरी स्वतः प्रयोग केलात आणि स्क्रीनच आली नाही, तर घाबरू नका. रॅमचं प्रोफाइल बदलल्यावर, विशेषतः डीडीआर५ वर, पहिल्या वेळी काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते, तेवढं थांबा. तरीही नाही आली तर मशीन बंद करा, प्लग काढा, बोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर२०३२, काढून पाच मिनिटांनी परत बसवा. बायोस मूळ पदावर येतं. ज्यांनी फोनवर हे ऐकून यूपीएसची बॅटरी काढली होती त्यांच्यासाठी पुन्हा लिहितो : बोर्डवरचा, रुपयाएवढा, चपटा सेल.

आमच्याकडे काम द्यायचं असेल तर मशीन दोन रात्री ठेवावं लागेल. पहिल्या रात्री रॅमची टेस्ट, दुसऱ्या रात्री प्रोसेसरची, प्राइम९५ किंवा ओसीसीटी या प्रोग्रामवर. एका तासात करून देणारे आहेत, आम्ही त्यांतले नाही. येताना फक्त कॅबिनेट आणा, केबल-मॉनिटर इथे आहेत. डेटाचा बॅकअप घरूनच घेऊन या आणि विंडोजचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटला चिकटवू नका, तोंडी सांगा. काम झाल्यावर आधीचे आणि नंतरचे आकडे, व्होल्टेज आणि जास्तीत जास्त तापमान लिहिलेला कागद झाकणाच्या आतल्या बाजूला लावून देतो. मे महिन्यात त्रास झाला तर तो कागद फाडू नका, घेऊन या.