कढईतलं तेल पेटलं तर

अग्निशामक विकणं आणि भरून देणं हा आमचा व्यवसाय. तरीही सांगतो, तेल पेटलं तर हात आधी झाकणाकडे जाऊ द्या.

तेल अचानक पेटत नाही. रिफाइंड तेल साधारण 230 अंश सेल्सिअसच्या आसपास धुरायला लागतं आणि 350च्या आगेमागे ठिणगी न पडताही पेट घेतं. म्हणजे धूर दिसला तेव्हा अजून वेळ हातात असतो. आच तिथेच बंद करा. फोन आला म्हणून कढई तशीच सोडून जाणं महागात पडतं ते इथे.

पेटलंच, तर गॅस बंद करा. ज्वाळांवरून हात न्यावा लागत असेल तर आधी झाकण. धातूचं झाकण किंवा ताट वरून आपटू नका, आपल्या बाजूने पलीकडे सरकवत ठेवा. काचेचं नको, तडकतं. आणि विझलं का ते बघायला उचलू नका! आतलं तेल तितकंच तापलेलं असतं, हवा लागली की पुन्हा भडकतं. पूर्ण निवेपर्यंत कढई हलवायचीही नाही.

पाणी तर अजिबात नको. ते तेलापेक्षा जड, म्हणून खाली जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा लागते, आणि वर येताना ती जळतं तेल छतापर्यंत उडवते. पेलाभर पाणीही त्याला पुरतं. पीठही टाकू नका, तेही पेटतं.

‘मग अग्निशामक कोणता घेऊ?’ हे सगळेच विचारतात. एबीसी पावडरचा, म्हणजे लाकूड-कागद, पेट्रोलसारखे द्रव आणि गॅस अशा तिन्ही आगींसाठीचा, घरासाठी चांगला, पण तळणाच्या तेलावर त्याने ज्वाळा विझली तरी तेल निवत नाही, आणि जवळून मारला तर झोतानेच तेल उडतं. त्यासाठी के-क्लास, म्हणजे द्रव रसायनाचा. त्याचा तेलावर साबणासारखा थर बसतो आणि तेल थंडही होतं. टांगायचा मात्र दाराजवळ, शेगडीच्या वर नाही.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा. दिवा, पंखा चालूही करू नका, बंदही नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो.

आग चिमणीला किंवा कपाटांना लागली तर झुंजत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या, अग्निशमन दलाला फोन बाहेरून करा.

पावडरचा अग्निशामक क्षणभर जरी दाबला असेल तरी भरायला आणा. एकदा वापरला की त्यातला दाब हळूहळू उतरतो.