वसाहतकालीन अमेरिकेतील पोशाख, प्रतिष्ठा आणि खरेदी

उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर १६०७ पासून इंग्रजांच्या वसाहती वसत गेल्या. त्यांतील तेरा वसाहतींनी १७७६ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले. या समाजात अंगावरचे कापड हे माणसाच्या पायरीचे उघड चिन्ह मानले जाई. रेशीम कोणी नेसावे, जाडेभरडे कोणी, चांदीचे बक्कल कोणाच्या बुटाला शोभते, याबद्दल लोकांच्या मनात ठाम कल्पना होत्या आणि काही ठिकाणी त्या कायद्यातही उतरल्या होत्या. मात्र हेच रेशीम आणि हीच बक्कले दुकानात रोख मोजणाऱ्याला, किंवा उधारीच्या वहीत नाव असणाऱ्याला, मिळू शकत. जन्माने आलेली प्रतिष्ठा आणि विकत घेता येणारी प्रतिष्ठा यांच्यातली ही ओढाताण त्या काळच्या पोशाखाच्या इतिहासात शेवटपर्यंत दिसते.

पुरुषाच्या अंगात लिननचा लांब सदरा, त्यावर वेस्टकोट आणि कोट, गुडघ्याशी बंद होणारी विजार आणि लांब मोजे असत. सदरा हेच आतले वस्त्र, आणि बहुतेकांचा रात्री झोपायचाही तोच. स्त्रिया अंगालगत लिननचा सैल झगा घालत. त्यावर देवमाशाच्या जबड्यातील लवचिक पट्ट्या घालून ताठ केलेली आवळ चोळी, मग परकर, गाऊन, ॲप्रन, डोक्याला टोपी आणि गळ्याभोवती रुमाल. खिसे गाऊनला शिवलेले नसत; कमरेला नाडीने बांधून ते परकराखाली सोडलेले असत. वस्त्रांचे हे प्रकार गरीब-श्रीमंतांत बरेचसे सारखेच होते. फरक कळे तो कापडाच्या पोतावरून, बेतशीर शिवणीवरून आणि सर्वांत जास्त लिननच्या शुभ्रतेवरून. रेशमी आणि लोकरी कपडे सहसा धूत नसत, लिनन मात्र धुता येई. मनगटाशी पांढरीशुभ्र झालर दिसली की पाहणाऱ्याला दोन गोष्टी उमगत: या माणसाला अंगमेहनत करावी लागत नाही, आणि त्याचे धुणे दुसरे कोणीतरी धुते.

कापड महाग होते आणि शिलाई त्या मानाने स्वस्त. त्यामुळे गाऊन जुना झाला की उसवायचा, कापड उलटे करायचे, नव्या बेताने पुन्हा शिवायचे, ही सर्रास रीत होती. मृत्युपत्रांत परकर, झगे आणि टोप्या नावानिशी वाटून दिलेल्या आढळतात. माणूस गेल्यावर न्यायालयासाठी त्याच्या मालमत्तेची जी यादी होई, तिच्यात जुन्या कोटाचीही किंमत लावलेली असे.

पोशाखावर कायद्याचा हात लवकरच पडला. व्हर्जिनियाच्या पहिल्याच विधानसभेने १६१९ मध्ये असे ठरवले की सार्वजनिक वर्गणीची आकारणी माणसाच्या पोशाखावरून करावी, विवाहित असेल तर बायकोचा पोशाखही धरून. मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटन (कडक आचाराच्या प्रोटेस्टंट पंथाच्या) शासनाने १६३४ मध्ये सोन्याचांदीच्या जरीवर आणि लेसवर बंदी घातली. १६५१ चा कायदा त्याहून स्पष्ट बोलतो. ज्यांची मालमत्ता २०० पौंडांहून कमी, त्यांनी सोन्याचांदीची लेस किंवा बटणे लावू नयेत आणि त्यांच्या स्त्रियांनी रेशमी शिरोवस्त्रे घालू नयेत; मोडणाऱ्याला १० शिलिंग दंड. (तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड होई.) न्यायाधीश, सरकारी अंमलदार, सैन्यातले अधिकारी आणि सुशिक्षित यांना यातून सूट होती, एके काळी श्रीमंत असून नंतर परिस्थिती खालावलेल्यांनाही होती. ही शेवटची सवलत मला फार बोलकी वाटते. पैसा गेला तरी घराण्याची पायरी जात नाही आणि पैसा आला तरी ती मिळत नाही, असे कायदा करणाऱ्यांना म्हणायचे होते. प्रत्यक्षात मोजपट्टी पैशाचीच ठरली. न्यूबरी गावात १६५३ मध्ये रेशमी शिरोवस्त्रासाठी काही स्त्रियांना न्यायालयात उभे केले, तेव्हा नवऱ्याची मालमत्ता २०० पौंडांची असल्याचे सिद्ध होताच त्यांची सुटका झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस असे खटले मागे पडत गेले.

अठराव्या शतकात कायद्याची जागा लोकांच्या नजरेने घेतली. व्हर्जिनियातील न्यू केंट परगण्यात १७३३ मध्ये एका साध्या कुटुंबात जन्मलेले आणि पुढे धर्मोपदेशक झालेले डेव्हरो जॅरेट आपल्या आठवणींत सांगतात, की टोपी आणि बूट सोडले तर घरातले सगळे कपडे आई स्वतः तयार करी, आणि बूट फक्त हिवाळ्यात घालायचे. कृत्रिम केसांचा टोप ही तेव्हा बड्या लोकांची खूण. टोप घातलेला स्वार रस्त्यावर दिसला की हा मुलगा घाबरून पळत सुटे. तरुणपणी शाळामास्तरची नोकरी धरायला घर सोडताना आपण चारचौघांहून थोडे वरचे दिसावे म्हणून त्यांनी एक जुना टोप मिळवला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे तो कोणा मालकाने टाकला असावा. तो त्याच्या गुलामाकडे गेला आणि गुलामाकडून जॅरेट यांच्याकडे आला. मालक, गुलाम आणि गरीब गोरा तरुण यांच्या हातांतून फिरलेल्या त्या एका टोपात सगळी समाजरचना दिसते.

ॲनापोलिसचे डॉक्टर अलेक्झांडर हॅमिल्टन (पुढे अर्थमंत्री झालेले हॅमिल्टन वेगळे) यांनी १७४४ च्या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती. तीत मॉरिसन नावाचा सहप्रवासी येतो. त्याचा अवतार पाहून खाणावळीच्या बाईने त्याला नांगऱ्या समजून उरलेसुरले थंड मांस वाढले. तो भडकला. डोक्यावरची लोकरी टोपी उतरवून त्याने खिशातली लिननची टोपी चढवली आणि आता पेनसिल्व्हेनियाची हद्द आली, सभ्य गृहस्थासारखे दिसायला हवे, असे म्हणाला. पुढे वाटेत त्याने सोबत्यांना ऐकवले, की आपल्या पिशवीत चांगले लिनन, चांदीची बक्कले आणि सोन्याची बटणे आहेत आणि घरी बायको दिवसातून दोनदा चहा घेते. चहा, बक्कल आणि लिनन एका दमात मोजून आपली पत सांगणारा हा माणूस त्या काळाचा खरा प्रतिनिधी आहे. उलट बाजूने, घर सोडून फिलाडेल्फियाला निघालेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांना १७२३ मध्ये वाटेत मळक्या कपड्यांमुळे पळून आलेला करारबद्ध नोकर (ठरावीक वर्षे राबायला बांधलेला) समजले गेले होते.

नोकर आणि गुलाम यांच्यासाठी पोशाखाचा प्रश्न हौसेचा नव्हता. कराराची वर्षे संपली की नोकराला मोबदल्यात बहुधा एक नवा पोशाख मिळे. गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांना मालक ठरावीक मापाचे कापड वाटत: जर्मनीतील ओस्नाब्र्युक शहराच्या नावाने ओळखले जाणारे भरड लिनन, किंवा वेल्समध्ये विणलेली खरखरीत लोकर. स्टोनो नदीकाठी १७३९ मध्ये गुलामांचा उठाव झाला. त्यानंतर दक्षिण कॅरोलायनाने १७४० मध्ये केलेल्या कायद्यात गुलामांनी वापरायच्या कापडांची यादीच दिली आहे. त्याहून भारी कापड अंगावर दिसले तर ते जप्त करण्याची तरतूद होती. मालकाच्या गणवेशातल्या नोकरांना यातून सूट होती, कारण तो थाट मालकाचाच. असा कायदा करावा लागला याचा अर्थ लोक भारी कापड मिळवत होते. आपल्या परसात पिकवलेले आणि पाळलेले विकून ते खरेदी करत. व्हर्जिनियातील दुकानदार जॉन हुक यांच्या वह्यांत गुलाम गिऱ्हाइकांची खाती आहेत, आणि कापूस देऊन फीत व आरसा नेल्याच्या नोंदीही. दिवसभर दुसऱ्याने दिलेले भरड कापड अंगावर वागवणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या कमाईतून आरसा घ्यावा, याहून महत्त्वाची नोंद त्या वह्यांत क्वचितच असेल.

स्थानिक आदिवासी राष्ट्रेही या बाजारात होती. हरणाच्या आणि बीव्हरच्या कातड्यांच्या बदल्यात ती लोकरी कापड, सदरे आणि चांदीचे दागिने घेत. कापडाचा रंग आणि दर्जा मनासारखा नसेल तर माल नाकारत, त्यामुळे व्यापाऱ्यांना त्यांची आवड सांभाळावी लागे.

खरेदीची रीत पैशाच्या टंचाईने घडवली. इंग्रजी नाणे वसाहतींत कमी येई. व्यवहारात स्पॅनिश डॉलर फिरत आणि त्याची किंमतही जागेप्रमाणे बदले. न्यू इंग्लंडमध्ये (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या उत्तरेकडील वसाहतींत) तो ६ शिलिंगांचा, न्यूयॉर्कमध्ये ८ शिलिंगांचा. व्हर्जिनियात तंबाखू हेच चलन होते. १७३० नंतर सरकारी वखारीत तपासून ठेवलेल्या तंबाखूच्या पावत्या हातोहात चालू लागल्या. बॉस्टनहून १७०४ मध्ये घोड्यावरून न्यू हेवनला गेलेल्या सारा केंबल नाइट यांनी तिथल्या दुकानातला भाव नोंदवला आहे. ६ पेन्सची सुरी खणखणीत नाण्यात घेतली तर ६ पेन्सलाच, पण धान्य किंवा मांस देऊन घेतली तर १२ पेन्स. म्हणून वाण्याचा पहिला प्रश्न असे: देणार कशात? गालात तंबाखू कोंबलेला एक उंच खेडूत दुकानात येतो, इकडेतिकडे बघत थुंकतो आणि टोपीला लावायची फीत मागतो, असे चित्रही त्या रंगवतात. त्यांच्या नजरेत शहरी माणसाचा तोरा आहे. तरीही त्या खेडुताला हवी होती ती फीतच, हे ध्यानात घ्यावे.

बहुतेक व्यवहार उधारीवर चालत आणि हिशेब पीक आल्यावर होई. चेसापीक उपसागराच्या परिसरात मोठे मळेवाले आपला तंबाखू लंडनच्या आडत्याकडे पाठवत आणि त्याच्याकडूनच कपडे मागवत. लहान शेतकरी स्कॉटिश व्यापाऱ्यांच्या दुकानांत जात, जिथे एका छपराखाली खिळे, रम, साखर, टाचण्या आणि कापडाची ठाणे मिळत. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सप्टेंबर १७६० मध्ये लंडनच्या आडत्यांना लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे, की पाठवलेल्या वस्तू आपल्या वाडवडिलांच्या काळात शोभल्या असत्या. वसाहतीत जाणारा माल म्हटला की दुकानदार जुनेपुराणे गळ्यात मारतात आणि किंमत १० ते २० टक्के वाढवतात. फॅशन ठरे हजारो मैल दूर, माप पत्राने जाई आणि कपडा अनेक महिन्यांनी हाती येई.

शहरांत निवड अधिक होती. बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि चार्ल्सटन येथील दुकानदार जहाज लागले की वर्तमानपत्रात कापडांची लांबलचक जाहिरात देत. फिती, लेस, टोप्या आणि हातमोजे विकण्याचा धंदा स्त्रियांच्या हाती बराच होता. बॉस्टनमध्ये स्कॉटलंडहून आलेल्या एलिझाबेथ मरी, विल्यम्सबर्गमध्ये मार्गारेट हंटर, न्यूयॉर्कमध्ये कापडाचे नमुने जोडून इंग्लंडला मागणी पाठवणाऱ्या मेरी अलेक्झांडर ही त्यांतली नावे. ऐपत आली तशी गिऱ्हाइकांची आवड कशी बदलत गेली, हे फ्रँकलिन आत्मवृत्तात सांगतात. ते मातीच्या वाडग्यात कथलाच्या मिश्रधातूच्या चमच्याने दूधपाव खात. एके सकाळी समोर चिनी मातीचा वाडगा आणि चांदीचा चमचा आला. बायकोने त्यासाठी २३ शिलिंग मोजले होते आणि शेजाऱ्यांकडे आहे ते आपल्या नवऱ्यालाही साजते, एवढेच तिचे कारण होते.

या दुकानांत भारत हजर होता. गुजरातपासून कोरोमंडल किनाऱ्यापर्यंतचे छापील आणि रंगवलेले सुती कापड ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून लंडनला जाई. इंग्लंडमधील विणकरांच्या दडपणामुळे पार्लमेंटने १७०० आणि १७२१ मध्ये अशा कापडाच्या वापरावर निर्बंध घातले, पण ते पुन्हा परदेशी पाठवायला मुभा होती. त्यामुळे लंडनच्या स्त्रीला निषिद्ध असलेले चीट फिलाडेल्फियाच्या स्त्रीला उघडपणे मिळे. कालिकतवरून ‘कॅलिको’, आपल्या चिटाच्याच भावंड शब्दावरून ‘चिंट्झ’, बांधणीवरून ‘बँडाना’ हे शब्द तिथल्या दुकानी भाषेत रुळले. विद्वान पुरुष घरात टोप काढून जो सैल अंगरखा घालत, त्याला ‘बन्यन’ म्हणत. वाणी या अर्थाच्या ‘बनिया’वरून आलेला हा शब्द आपल्याकडे बनियन होऊन आतल्या कपड्यापुरता उरला, अमेरिकेत मात्र श्रीमंतांनी त्या रेशमी अंगरख्यात आपली चित्रे काढून घेतली.

आयातीवरच्या या अवलंबनातूनच राजकीय शस्त्र घडले. वसाहतींतील छापील कागदांवर आणि दस्तऐवजांवर कर लावणाऱ्या मुद्रांक कायद्यावरील चौकशीत ब्रिटिश पार्लमेंटने १७६६ मध्ये फ्रँकलिन यांना विचारले, की अमेरिकनांना पूर्वी कशाचा अभिमान होता? ब्रिटनच्या फॅशनचा आणि मालाचा, असे उत्तर आले. आणि आता? नवे कपडे स्वतः तयार करता येईपर्यंत जुनेच पुन्हा वापरण्याचा. पुढच्या वर्षी वसाहतींत येणाऱ्या चहासारख्या मालावर पार्लमेंटचे टाउनशेंड कर आले आणि आयातीवर बहिष्काराचे करार झाले. न्यू इंग्लंडमध्ये स्त्रिया चरखे घेऊन धर्मोपदेशकाच्या घरी जमत आणि दिवसभर सूत कातत. रोड आयलंड कॉलेजच्या पहिल्या पदवीदान समारंभाला १७६९ मध्ये विद्यार्थी अमेरिकेतच विणलेल्या कपड्यांत आले. त्याच वर्षी डिसेंबरात विल्यम्सबर्गच्या नृत्यसमारंभात सुमारे शंभर स्त्रिया घरगुती कापडाचे गाऊन घालून आल्या. ज्या जाड्याभरड्याने काल माणूस खालचा ठरे, तेच आता मानाचे झाले. गरजेपुरते कापड वसाहतींत तयार होत नव्हते आणि १७७० मध्ये चहा सोडून बाकीचे कर उठताच आयात पुन्हा वाढली. तरी खरेदी न करणे ही सामुदायिक कृती होऊ शकते, हे सर्वांनी पाहिले होते, आणि त्यात मताधिकार नसलेल्या स्त्रियांचा वाटा ठळक होता.

संग्रहालयांत आज उरलेले त्या काळचे कपडे मुख्यतः श्रीमंतांचे आहेत. कष्टकऱ्यांचे कपडे अंगावरच फाटले. त्यांची माहिती बरीचशी मिळते ती पळून गेलेल्या नोकरांच्या आणि गुलामांच्या जाहिरातींतून. १७३६ पासून निघणाऱ्या ‘व्हर्जिनिया गॅझेट’सारख्या पत्रांत मालकांनी पळालेल्याच्या सदऱ्याचे कापड, कोटाचा रंग, बटणांचा धातू आणि ठिगळाची जागासुद्धा छापली, कारण ओळखायला तेवढीच खूण होती. ती पत्रे ज्या कागदावर छापली जात तो चिंध्यांपासून बनत असे. छापखानेवाले जुन्या लिननच्या चिंध्या पैसे देऊन विकत घेत.