स्पून्स आणि लोकल: नवख्याला सारखेच वाटणारे दोन पब

युकेत नवीन आलेल्या आपल्या लोकांची एक ठरलेली गफलत होते. लंडनमध्ये चान्सरी लेनवर 'द नाइट्स टेम्प्लर' असा बोर्ड दिसतो, जुनी भारदस्त इमारत, आत उंच छत आणि खांब, मग वाटतं हा कुठला तरी खानदानी पब असणार, खिसा कापला गेलाच समजा. आणि बिल बघून उलटा धक्का बसतो, कारण ते वेदरस्पून असतं, जुन्या बँकेत उघडलेला चेन पब. याच्या बरोब्बर उलटंही होतं. गल्लीच्या तोंडाशी छोटासा पब, बाहेर फुलांच्या टोपल्या लटकवलेल्या, बोर्डवर 'ग्रीन किंग' लिहिलेलं, आणि पोरं म्हणतात अरे हे नाव तर सगळीकडे दिसतं, चेन आहे, स्वस्त असेल. मग पहिल्याच राउंडला कळतं की चेन असणं आणि स्वस्त असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर इथे स्वस्त चेन पब म्हणजे स्पून्स (वेदरस्पूनला सगळे हेच म्हणतात) आणि कोपऱ्यावरचा लोकल, म्हणजे वस्तीतला नेहमीचा पब, हे दोन शेजारी ठेवून बघू. बाहेरून फरक कळत नाही यात तुमची चूक नाही, तो कळू नये असाच मामला आहे.

स्पून्स १९७९ मध्ये टिम मार्टिनने उत्तर लंडनच्या मसवेल हिलमध्ये सुरू केलं, आता हेड ऑफिस वॉटफर्डला आणि युके-आयर्लंड मिळून सुमारे ८०० पब. पण बर्गरच्या दुकानासारखं सगळीकडे एकच नाव आणि एकच रंग असं नाही, प्रत्येक पबला स्वतःचं नाव, भिंतीवर त्या गावच्या जुन्या लोकांचे फोटो आणि माहिती, आणि गालिचा तर प्रत्येक पबचा वेगळा डिझाइन केलेला. इमारती पण अशाच शोधून घेतलेल्या. ग्लासगोचं 'काउंटिंग हाउस' आधी बँक होती, एडिनबराचं 'कॅली पिक्चर हाउस' सिनेमा थिएटर, टनब्रिज वेल्समध्ये चक्क ऑपेरा हाउस, रॅम्सगेटला समुद्राच्या काठावरचा रॉयल व्हिक्टोरिया पॅव्हिलियन जो २०१७ ला उघडला आणि त्यांचा सगळ्यात मोठा पब आहे. अशा अवाढव्य जागांना दुसरं गिऱ्हाईक सहज मिळत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जागा कंपनीने भाड्याने न घेता सरळ विकतच घेतल्यात. फक्त एक आहे, जुन्या इमारतीत टॉयलेट कुठेतरी दोन जिने वर नाहीतर तळघरात भुयार ओलांडून असतं, यावर इथले लोक कायम जोक मारतात. स्वच्छतेची बक्षिसं मात्र हीच टॉयलेटं घेऊन जातात, लू ऑफ द इयर नावाचे पुरस्कार आहेत इथे, खरंच.

आता लोकल. लोकल म्हटलं की आपल्या डोक्यात येतं की एक मालक, त्याचा स्वतःचा पब, वरच्या मजल्यावर त्याचं घर. असे पब आहेत, त्यांना फ्री हाउस म्हणतात, पण बऱ्याच लोकलमध्ये बारमागे उभा असलेला लँडलॉर्ड (पब चालवणाऱ्याला इथे हेच म्हणतात) इमारतीचा मालक नसतोच. इमारत एखाद्या ब्रुअरीची (बिअर बनवणाऱ्या कंपनीची) नाहीतर पब कंपनीची, हा तिथे भाडं देतो आणि वर अट अशी की बिअर पण आमच्याकडूनच, आम्ही लावू त्या भावात घ्यायची. याला टाय म्हणतात. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या ब्रुअरींवर निर्बंध आणले, २००० पेक्षा जास्त पब असतील तर त्यावरच्या पबांपैकी निम्मे विकायचे नाहीतर टायमधून मोकळे करायचे असं, हेतू चांगला होता पण झालं काय की ब्रुअरींनी पब विकले आणि ते विकत घ्यायला नुसत्या पब कंपन्या उभ्या राहिल्या ज्या बिअर बनवतही नाहीत पण टाय मात्र तसाच. शेवटी २०१६ मध्ये पब्ज कोड आला, इंग्लंड आणि वेल्समध्ये ५०० किंवा जास्त टायवाले पब असलेल्या कंपन्यांसाठी, त्यात भाडेकरूला काही ठरावीक वेळी टाय सोडून नुसत्या बाजारभावाच्या भाड्यावर जायची मागणी करता येते. ही सगळी भानगड गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त पिंटचा, म्हणजे बिअरच्या मोठ्या ग्लासचा भाव, आणि मग रिव्ह्यूमध्ये लिहितो की मालक लुटतोय. बिचारा मालकच नाहीये तो.

याच्यामुळे एक गंमत होते बघा. ग्रीन किंग ही बरी सेंट एडमंड्सची जुनी ब्रुअरी, १७९९ ची, २०१९ पासून हाँगकाँगच्या ली का-शिंग कुटुंबाच्या कंपनीकडे. त्यांची अॅबट एल ही बिअर स्पून्समध्ये कायम असते, आणि बरेचदा ग्रीन किंगच्या स्वतःच्या पबपेक्षा स्पून्समध्ये स्वस्त मिळते. बनवणाऱ्याच्या घरी महाग आणि दुसऱ्याच्या घरी स्वस्त. कारण स्पून्स कुठल्याच ब्रुअरीला बांधलेलं नाही, तेव्हा टायच्या हिशोबाने बघितलं तर ते पण फ्री हाउसच, शिवाय शेकडो पबची ऑर्डर एकदम, लांब मुदतीचे करार, आणि एका पिंटवर नफा कमी ठेवून पिंट जास्त विकायचे. बिअर एक्सपायरीला आलेली असते म्हणून स्वस्त, ही अफवा तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ऐकवेल. कंपनीने ती कायम नाकारलीय, आणि तसंही कास्क एल म्हणजे पिंपात जिवंत असलेली बिअर, पिंप उघडलं की काही दिवसांतच संपवावी लागते, ती कुठल्याही पबात. जिथे गर्दी जास्त तिथे पिंप लवकर संपतं, इतका साधा हिशोब आहे.

बरं, आत गेल्यावर काय. खरा फरक इथे आहे आणि बहुतेक लोकांचा मूड इथेच जातो.

लोकलमध्ये टेबलावर बसून वाट बघत राहिलात तर कोणी येणार नाही, बारपाशी जायचं. तिथे लाइन नसते, सगळे बारला आडवे टेकून उभे, पण कोणाच्या नंतर कोण आलं हे बारवाल्याच्या डोक्यात पक्कं असतं, आणि उभे असलेल्यांच्या पण. नोट हलवायची नाही, एक्सक्यूज मी एक्सक्यूज मी करायचं नाही, नजरानजर झाली की तो हनुवटी जराशी वर करतो, म्हणजे तुला बघितलंय, थांब. आणि आपल्याला आधी विचारलं पण शेजारचा म्हातारा आपल्या आधीचा असेल तर 'हे आधी आलेत' असं सांगायचं, त्या एका वाक्यावर त्या पबात तुमची इज्जत ठरते. टीप द्यायची पद्धत तशी नाही, फार तर 'तुझ्यासाठी पण एक घे' म्हणतात. दोन-तीन वेळा गेलात की तो विचारतो, नेहमीचंच का?

स्पून्समध्ये बारवर जाऊन घेता येतंच, पण निम्मे लोक उठतच नाहीत. टेबलावर नंबर असतो, अॅप उघडायचं, पब निवडायचा, टेबल नंबर टाकायचा, पैसे भरायचे, थोड्या वेळाने ट्रे घेऊन कोणीतरी येतं, नंबर बघतं, ठेवतं, जातं. काटे-चमचे, केचप, मेयो सगळं स्टँडवरून आपलं आपण आणायचं. कॉफीचा कप एकदा घेतला की मशीनवर जाऊन रिफिल फुकट. कोणाशी एक शब्द न बोलता अख्खी दुपार काढता येते, आणि इथे नवीन आल्यावर ज्यांना बारवरचं इंग्लिश कळत नाही, आपल्या उच्चाराला समोरचा 'सॉरी?' म्हणेल याची धास्ती असते, त्यांच्यासाठी हे अॅप म्हणजे वरदान आहे, उगाच नाक मुरडू नये. टेबल नंबर माहीत असला की कुठूनही कोणीही ऑर्डर पाठवू शकतं, त्यामुळे सोशल मीडियावर टेबलचा फोटो टाकून अनोळखी लोकांकडून ड्रिंक मागवायचा खेळ पण चालतो, आणि कोणीतरी हमखास नुसत्या उकडलेल्या मटारची वाटी पाठवतं.

तक्रारी कुठल्या येतात बघा. स्पून्सबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे चौघांचं जेवण एकत्र येत नाही, एकाचा बर्गर येऊन संपत आला तरी दुसऱ्याची करी नाही. ज्याची डिश आधी तयार ती आधी बाहेर अशा पद्धतीने ते चालतं, चौघांचं एकत्र जमवून आणणारा वेटर तिथे नसतोच. दुसरी तक्रार, टेबल पुसलेलं नव्हतं. मोठा हॉल, शनिवारची रात्र आणि मोजका स्टाफ, म्हटल्यावर होतं ते. लोकलबद्दलच्या तक्रारी वेगळ्या, की आम्ही आत गेलो आणि सगळे वळून बघायला लागले, किचन दुपारी बंद होतं, कोणाचं तरी कुत्रं पायात येत होतं. म्हणजे स्पून्सवर चिडलेला माणूस तिथे अगत्य शोधत असतो आणि लोकलवर चिडलेला तिथे सिस्टिम शोधत असतो. माझ्या मते अर्धेअधिक एक-स्टार रिव्ह्यू चुकीच्या पबात बरोबर अपेक्षा ठेवल्यामुळे पडतात.

कुत्र्यांचं निघालंच आहे तर, स्पून्समध्ये मदतनीस कुत्रे सोडून बाकी कुत्र्यांना बंदी आहे, लोकलमध्ये बरेचदा कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं दारातच ठेवलेलं. स्पून्समध्ये संगीत नाही, लॉइड्स नावाचे त्यांचेच काही बार सोडले तर. पहिल्यांदा जरा विचित्र वाटतं, नुसता गप्पांचा आणि ग्लासांचा आवाज, पण समोरच्याचं बोलणं ऐकू येतं हे नंतर लक्षात येतं. लोकलमध्ये क्विझ नाइट, डार्ट्स, मॅच, कधी कोणी गिटार घेऊन बसलेलं. दोन्हीकडे वय दाखवायला सांगू शकतात, दारूसाठी १८ पूर्ण लागतात आणि चेहरा लहान दिसत असेल तर आयडी जवळ ठेवा, विषय संपला.

खाण्याचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे गैरसमज जास्त. स्पून्सचा मेनू लांबलचक, बऱ्याच डिशच्या किमतीत ड्रिंक धरलेलं, शाकाहारी आणि व्हीगन स्पष्ट लिहिलेलं, आणि शेजारी कॅलरीचे आकडे. ते आकडे हौसेने छापलेले नाहीत, २०२२ च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये २५० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या धंद्यांना ते छापावेच लागतात. छोट्या लोकलला ते बंधन नाही, म्हणून तिथल्या पाय नावाच्या भरलेल्या पेस्ट्रीत किती बटर गेलंय हे देवालाच ठाऊक. पण अॅलर्जीची माहिती, १४ ठरलेल्या पदार्थांची, दोघांनाही द्यावीच लागते, तेव्हा शेंगदाण्याचा वगैरे त्रास असेल तर लोकलमध्ये विचारायला लाजू नका.

आणि लोकल म्हणजे घरगुती स्वयंपाक हे डोक्यातून काढा. काही लोकलमध्ये खरंच अप्रतिम जेवण असतं, पण कित्येकांचा माल पण होलसेलरकडून फ्रोझनच येतो आणि मेनूवर 'होममेड' सारखे शब्द पेरलेले असतात. मेनू छोटा, रोज खडूने लिहिलेला, काही पदार्थ खोडलेले, तर आशा ठेवायला जागा आहे. आणि छोट्या पबात पन्नास डिश असतील तर समजून जा. एक गोष्ट मात्र लोकलचीच, ती म्हणजे रविवारचा रोस्ट, भाजलेलं मांस आणि भाज्यांचं जेवण. स्पून्सने २०१६ मध्येच तो बंद केला, त्यामुळे कोणी इंग्रज मित्र म्हणाला संडे रोस्टला जाऊ, तर तो स्पून्सबद्दल बोलत नाहीये. स्पून्सचा दिवस म्हणजे गुरुवार, करी क्लबचा. आपल्या जिभेला ती करी कशी लागेल ते सांगत नाही, पण पापड देतात.

किमतीबद्दल एक राहिलं. स्पून्स म्हणजे सगळीकडे एकच भाव असं नाही, लंडनच्या मध्यात वेगळा, उत्तरेच्या छोट्या गावात वेगळा, आणि एअरपोर्टवरच्या स्पून्सचा भाव बघून तर हे तेच का असा प्रश्न पडतो. अॅपवर पब बदलून बघा, भाव बदललेले दिसतील. सप्टेंबरमध्ये एक दिवस ते किमती ७.५ टक्क्यांनी उतरवतात, पबच्या जेवणावर २० टक्के व्हॅट आणि सुपरमार्केटच्या बहुतेक खाण्यावर शून्य, या फरकाकडे सरकारचं लक्ष वेधायला. या एका मुद्द्यावर लोकलचा लँडलॉर्ड आणि स्पून्स एकाच बाजूला असतात, एरवी स्पून्सचं नाव काढलं की लँडलॉर्डच्या कपाळाला आठी.

पिंटचा ग्लास मात्र दोन्हीकडे तोच, ५६८ मिलिलीटर. वर फेस जास्त आणि बिअर कमी दिसली तर ग्लास बारवर परत नेऊन 'टॉप अप प्लीज' म्हणायचं, पिऊन झाल्यावर नाही, आधी. स्पून्समध्ये काही न बोलता भरून देतात. लोकलमध्ये पण भरून देतात, फक्त तिथे सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणू नका.