कौन्सिलला प्रतिनिधी म्हणून निवड झाली? आधी मंडळीच्या रजिस्टरात नाव पाहा

अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमध्ये प्रत्येक डायोसिसची, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या मंडळ्यांच्या विभागाची, वार्षिक सभा भरते. टेक्सास डायोसिस तिला कौन्सिल म्हणतो आणि ती साधारण फेब्रुवारीत घेतो. इतर बऱ्याच ठिकाणी तिचं नाव कन्व्हेन्शन आहे, तेव्हा माहिती शोधताना दोन्ही नावांनी शोधा. ह्यूस्टन-ऑस्टिनकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतल्या कुणाची प्रतिनिधी म्हणून निवड झाली की अभिनंदनं होतात, हॉटेल ठरतं आणि मग सभेच्या तोंडावर कळतं की नाव प्रमाणित झालेलं नाही. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. माणूस वर्षानुवर्षं उपासनेला येत असतो, पण मंडळीच्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या, रजिस्टरात त्याची नोंद अर्धवट असते किंवा मुळीच नसते.

पात्रता कुठे लिहिली आहे

एपिस्कोपल चर्चच्या कॅननांप्रमाणे, म्हणजे लेखी नियमांप्रमाणे, मागच्या वर्षात किमान तीन वेळा प्रभुभोजन घेतलेला सभासद कम्युनिकंट ठरतो आणि सोळा वर्षं पूर्ण झाली की प्रौढ कम्युनिकंट. त्यापुढे ‘गुड स्टँडिंग’ची अट येते, म्हणजे वर्षभर उपासनेत, सेवेत, प्रार्थनेत आणि दानात निष्ठा. दानाची रक्कम कुठेही लिहिलेली नाही. पण थाळीत रोख टाकणाऱ्याचं दान कुणाच्या नावावर चढत नाही, हे आपली माणसं लक्षातच घेत नाहीत. गावाकडे पाळक घर न् घर ओळखायचे. इथे ऑफिसातली बाई संगणकावर नाव टाकते आणि समोर शून्य दिसतं. चर्चचं पाकीट घ्या, त्यावर नाव लिहा, पाच डॉलर का असेनात.

नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड हवं का, हे हमखास विचारलं जातं. नको. कॅननमधल्या अटी चर्चच्या सभासदत्वाच्या आहेत, आणि राष्ट्रीय मूळ, वंश, रंग यांवरून कारभारातला वाटा नाकारू नये असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. व्हिसाच्या धास्तीनं नाव मागे घेऊ नका.

दृढीकरण: इथे सगळे अडकतात

अनेक डायोसिस प्रतिनिधीचं दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास जाहीर करण्याचा विधी) झालेलं असावं अशी अट घालतात. आपल्या डायोसिसचे कॅनन त्यांच्या वेबसाइटवर असतात. त्यातलं प्रतिनिधींचं कलम स्वतः वाचा, कुणाच्या ऐकीव सांगण्यावर जाऊ नका. ही अट असेल, तर तुमचं दृढीकरण कुठल्या चर्चमध्ये आणि कुणाच्या हातून झालं यावर सगळं ठरतं.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशपांच्या हातून दृढीकरण झालं असेल, तर ते पुन्हा करावं लागत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेलं हे चर्च एपिस्कोपल चर्चसारखंच अँग्लिकन कम्युनियन या जागतिक चर्चपरिवाराचं सभासद आहे. प्रश्न पुराव्याचा असतो. दाखल्यावर ‘दृढीकरण झाले’ एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली पाळकांची सही. इथल्या ऑफिसला बिशपांचं नाव आणि तारीख हवी असते. जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगरकडच्या मंडळ्यांत वाढलेल्या वडीलधाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. १९७० च्या आधी त्या मंडळ्यांत बिशप नव्हतेच, सभासद करून घेत ते पाळक. ‘माझं झालंय’ हे आजोबांचं म्हणणं खरं असतं आणि कॅननच्या चौकटीत ते बसतही नाही.

वसईकडून आलेल्या कॅथलिकांचं दृढीकरण ग्राह्य धरलं जातं, पण एपिस्कोपल बिशपांनी त्यांना चर्चमध्ये ‘रिसीव्ह’ केलेलं, म्हणजे विधीनं सामावून घेतलेलं, असावं लागतं. मेथडिस्ट चर्च इन इंडिया हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झालेलं नाही, त्यामुळे तिथून आलेल्यांनाही, आणि वर सांगितलेल्या आजोबांनाही, हाच रस्ता. इतकी वर्षं प्रभुभोजन घेतोय, आता हे काय नवीन, असा राग येतो. येणारच. प्रभुभोजन देताना कुणी कागद मागत नाही आणि मत द्यायची वेळ आली की सगळे मागतात. हे आधी सांगायला काय जातं, हा प्रश्न मलाही पडतो.

खरी मेख पुढे आहे. रिसीव्ह करायला बिशप स्वतः लागतात, रेक्टरना, म्हणजे मंडळीच्या मुख्य पाळकांना, तो अधिकार नाही. बिशपांनी प्रत्येक मंडळीला तीन वर्षांतून निदान एकदा भेट द्यावी, एवढंच कॅनन सांगतो. तुमच्या चर्चला ते मागच्या वर्षी येऊन गेले असतील, तर यंदाच्या कौन्सिलआधी परत येतील याचा भरवसा धरू नका. मात्र शेजारच्या मंडळीत किंवा कॅथीड्रलमध्ये ते येणार असतील, तर तिथे जाऊन हा विधी करता येतो. रेक्टरना तसं स्पष्ट विचारा. आपणहून सुचवणारे कमी भेटतात.

दाखला मागवताना

एका मंडळीतून दुसरीत जाताना सभासदत्वाचा दाखला न्यायचा असतो. त्यात तुम्ही कम्युनिकंट आहात का, गुड स्टँडिंगमध्ये आहात का आणि दृढीकरण झालं आहे का, या तिन्ही गोष्टी यायला हव्यात. अमेरिकेतल्या अमेरिकेत बदली असेल, तर हे काम दोन ऑफिसं आपापसात करतात. महाराष्ट्रातून मागवायचा, तर माणूस पाठवल्याशिवाय हलत नाही. पाळक बदलून गेलेले असतात आणि रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे एखाद्या जुन्या पंचालाच ठाऊक असतं. नाताळाच्या किंवा ईस्टरच्या आठवड्यात कुणाला त्रास देऊ नका, काम होणार नाही.

नावाचा घोळही ठरलेला. रजिस्टरात स्वतःचं, वडिलांचं नाव आणि आडनाव. बायकांच्या बाबतीत माहेरचं. पासपोर्टवर नवऱ्याचं. देवनागरीतला दाखला इथे कुणाला वाचता येत नाही. दाखला इंग्रजीत मागवा, त्यात दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याची एक ओळ पाळकांच्या सही-शिक्क्यानिशी घालून घ्या आणि मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा.

नोंदणी केली म्हणजे प्रमाणित झालो, असं नाही

ऑनलाइन नोंदणी तुम्ही करता, त्यात जेवण, बॅज, शुल्क वगैरे येतं. निवडीचं प्रमाणपत्र मंडळी पाठवते, त्यावर ठरलेल्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात आणि त्याची मुदत वेगळी असते. हॉटेलच्या सवलतीची मुदत तिसरी. बहुतेकांच्या डोक्यात हीच तिसरी तारीख राहते. प्रमाणपत्र गेलं का, हे व्हेस्ट्रीच्या (मंडळीच्या कारभारी समितीच्या) क्लार्कला विचारा आणि गेलेल्या ईमेलची प्रत मागा. मुदतीच्या दिवशी टपालात टाकलं, हे चालत नाही. कागद त्या दिवशी पोचलेला असावा लागतो.

तुमचे कागद चोख असूनही मंडळीमुळे अडचण येऊ शकते. डायोसिसचा वार्षिक वाटा थकला असेल, तर काही डायोसिस त्या मंडळीच्या प्रतिनिधींचा मताचा हक्क रोखून धरतात. मंडळीचा वार्षिक पॅरोकियल अहवाल १ मार्चपर्यंत आणि हिशेबतपासणीचा अहवाल फार तर १ सप्टेंबरपर्यंत बिशपांकडे जायला हवा. नव्या प्रतिनिधीनं वॉर्डनला, म्हणजे व्हेस्ट्रीच्या प्रमुखाला, हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं, पण विचारा.

एवढी काटेकोर तपासणी कशासाठी, असं वाटेल. या सभेत पाळकवर्गाची आणि सामान्य सभासदांची मतं कधी कधी वेगवेगळी मोजली जातात आणि दोन्हींत बहुमत लागतं. दर तीन वर्षांनी भरणाऱ्या जनरल कन्व्हेन्शनसाठी, म्हणजे साऱ्या एपिस्कोपल चर्चच्या सभेसाठी, प्रत्येक डायोसिसचे जास्तीत जास्त चार पाळक आणि चार सामान्य सभासद याच सभेतून निवडले जातात. बिशपांची निवडही डायोसिसची हीच सभा करते. एक अपात्र मत निघालं, तर निकालावर बोट ठेवता येतं.

पर्यायी प्रतिनिधी म्हणून निवड झाली असेल, तर तुमचे कागदही तितकेच पूर्ण हवेत. मूळ प्रतिनिधी आजारी पडला म्हणून त्याचा बॅज गळ्यात घालून मत देता येत नाही. नोंदणीच्या टेबलावर जाऊन बदल लिहून घ्यावा लागतो, आणि तो सभागृहात मतदान पुकारण्याआधी. त्या टेबलापाशी सकाळी मोठी रांग असते, तेव्हा नाश्त्याच्या आधी जा.