सिप्रो, ऑफ्लो, लेव्होची गोळी पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको

"ही गोळी गरम पडते म्हणतात, दुधाबरोबर दिली तर चालेल ना?"

सिप्रो, ऑफ्लोसारख्या अँटिबायोटिक गोळ्यांबद्दल हा प्रश्न आम्हाला औषध दुकानाच्या काउंटरवर रोज ऐकू येतो. जे विचारतात त्यांची आम्हाला काळजी नाही, त्यांना आम्ही लगेच थांबवतो. काळजी आहे ती न विचारता घरी जाऊन पेलाभर दुधाबरोबर गोळी घेणाऱ्यांची. ही मंडळी तिसऱ्या दिवशी परत येतात. ताप उतरलेला नसतो, लघवीची जळजळ तशीच असते आणि हातात अर्धे कापलेले पाकीट असते. "गोळी डुप्लिकेट तर नाही ना?" असे विचारले जाते. गोळी चांगली असते. ती पोटात गेली, पण रक्तात पोचलीच नाही.

गेल्या पावसाळ्यात एका आजींच्या बाबतीत हेच झाले. लघवीच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिले होते. सुनेने काळजीने सकाळ-संध्याकाळ गरम दुधाबरोबर गोळी दिली, वर आधीपासून चालू असलेली कॅल्शियमची गोळीही त्याच घोटाबरोबर. चार दिवस गेले, थंडी वाजून ताप आला आणि शेवटी सलाईन लावावे लागले. त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि दूध टाळायचे सांगणे आमच्याकडून राहून गेले होते. ते मनाला लागले, म्हणून हा कागद छापला. यापुढे या औषधांच्या प्रत्येक पाकिटाबरोबर तो मिळेल. कृपया घरी जो गोळ्या देतो, त्याच्या हाती द्या.

कोणती औषधे?

कंपनीचे नाव काहीही असो, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव असते. त्याच्या शेवटी 'फ्लॉक्सासिन' आले की हा कागद तुमच्यासाठी आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सीफ्लॉक्सासिन ही आपल्याकडे जास्त चालणारी नावे. जुलाबासाठी मिळणाऱ्या जोडगोळ्यांतही (ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल, नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडॅझोल) हेच औषध असते. ते अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मग दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवरून एकाच घराण्यातल्या दोन गोळ्या एकदम चालू होतात.

जंतूंना, म्हणजे बॅक्टेरियांना, वाढताना आपल्या डीएनएची गुंडाळी सोडवावी आणि बांधावी लागते. ते काम करणारे जंतूंचे एन्झाइम ही औषधे अडवतात, त्यामुळे जंतू मरतात. विषाणूंकडे ते एन्झाइमच नसते, म्हणून सर्दी, फ्लू, डेंग्यू यांवर या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. लघवीचे गुंतागुंतीचे संसर्ग, प्रोस्टेटचा संसर्ग, काही प्रकारची हगवण, काही न्यूमोनिया आणि हाडांचे काही संसर्ग, इथे डॉक्टर विचार करून ही औषधे वापरतात. औषधे दमदार आहेत. ती दमदार राहावीत म्हणूनच पुढचे सगळे सांगतो आहोत.

दुधाचे नेमके काय होते?

दुधात कॅल्शियम असते. पोटात कॅल्शियम आणि हे औषध एकमेकांना घट्ट धरतात. ही बांधलेली जोडी आतड्यातून रक्तात शिरत नाही, शौचावाटे निघून जाते. तुम्ही ५०० मिलिग्रॅमची गोळी घेता आणि शरीराला तिचा काही भागच मिळतो. अर्ध्या ताकदीचे औषध जंतूंना मारत नाही, फक्त डिवचते, आणि त्यातून वाचलेले जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देत नाहीत.

दुधापेक्षाही मोठे अडथळे दुसरे आहेत. अ‍ॅसिडिटीचे पातळ गुलाबी किंवा पांढरे औषध (त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असते), चघळायच्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, रक्तवाढीची लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, झिंक असलेली ताकदीची कॅप्सूल आणि अल्सरसाठीचे सुक्राल्फेट. "गोळीने पोटात जळजळतंय" म्हणून लगेच दोन चमचे गुलाबी औषध घेतले, की गोळी जवळजवळ वाया गेली असे समजा. सकाळी उपाशीपोटी घ्यायची पँटोप्राझोलसारखी गोळी मात्र या यादीत नाही, ती चालते. अ‍ॅसिडिटीची दोन औषधे एकसारखी वाटतात, पण फरक इथे पडतो. शंका असेल तर बाटली दाखवा.

माहीतगार ग्राहक म्हणतील की लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन आणि मॉक्सीफ्लॉक्सासिनला दुधाने फारसा फरक पडत नाही. बरोबर आहे. सिप्रो आणि नॉरफ्लॉक्सासिनला जास्त पडतो. पण लोह, कॅल्शियम, झिंक आणि अँटासिड (वरचे गुलाबी-पांढरे अ‍ॅसिडिटीचे औषध) यांचा अडथळा कमी-अधिक सगळ्यांनाच आहे. कोणत्या नावाला काय चालते हे तापाने फणफणलेल्या माणसाच्या घरी कोण लक्षात ठेवणार? म्हणून आमच्या दुकानाचा नियम एकच आहे. 'फ्लॉक्सासिन' असेल तर भरपूर साधे पाणी, दूध नाही.

दिवसातून दोनदा गोळी असेल तर वेळा अशा लावा. सकाळी ८ ला अँटिबायोटिक. दुपारी २ ला रक्तवाढीची किंवा कॅल्शियमची गोळी, दूध हवे असेल तर तेही त्याच सुमारास. रात्री ८ ला पुन्हा अँटिबायोटिक. झोपताना दूध लागतेच अशांनी ते १० नंतर घ्यावे. मॉक्सीफ्लॉक्सासिनला जास्त अंतर लागते, ती गोळी अशा औषधांच्या ४ तास आधी किंवा ८ तास नंतर घ्यायची. सगळ्यात सोपे म्हणजे पाच-सात दिवस कॅल्शियम आणि रक्तवाढीची गोळी बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारून घेणे. बहुतेक वेळा ते हो म्हणतात.

जेवणात वाटीभर दही किंवा ताक आले म्हणून घाबरू नका. भाकरी-भाजीबरोबर थोडेसे दही असणे आणि नुसत्या दुधाच्या घोटाबरोबर गोळी गिळणे यात फरक आहे. नॉरफ्लॉक्सासिन मात्र जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, रिकाम्या पोटीच घ्यायचे. पोटात मळमळले तर बाकीच्या गोळ्या जेवणानंतर घ्या, पण पाण्याबरोबर. दिवसभर पाणी भरपूर प्या, त्याने मूत्रपिंडालाही बरे पडते. सिप्रोमुळे चहा-कॉफीतले कॅफिन शरीरातून हळू बाहेर पडते. छातीत धडधड झाली किंवा झोप उडाली, तर चहाचे कप कमी करून पाहा.

टाचेमागची शीर

मळमळ, जुलाब, डोके जड होणे, चक्कर, झोप न लागणे हे साधे त्रास बहुतेकांना माहीत असतात. पण या औषधांचा एक त्रास असा आहे की तो औषधाचा आहे हे लक्षातच येत नाही. टाचेच्या मागे पोटरीला जोडणारी जी जाड दोरीसारखी शीर (टेंडन; रक्ताची शीर नव्हे) असते, ती दुखावते, क्वचित तुटते. खांद्याच्या किंवा हाताच्या शिरेलाही हे होऊ शकते. पहिल्या दोन दिवसांत होऊ शकते, आणि कोर्स संपून काही महिने झाल्यावरही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत हाच इशारा छापायला लावला. वय साठीच्या पुढे, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड चालू, किंवा मूत्रपिंड बदललेले असेल तर धोका वाढतो.

हे सांगायला कारण आहे. आषाढाच्या आधी वारीला निघणारी मंडळी "वाटेत जुलाब झाले तर असू द्या" म्हणून ऑफ्लॉक्सासिनच्या जोडगोळ्या मागायला येतात. वय बहुतेकांचे साठीच्या पुढचे. रोज मैलोनमैल चालायचे. वारीत पाय सगळ्यांचेच दुखतात, त्यामुळे टाचेमागे दुखू लागले तरी ते चालण्याचे आहे असे समजून माणूस पुढे चालत राहतो, आणि शीर तुटते ती तिथेच. वाटेतले बहुतेक जुलाब अँटिबायोटिकशिवाय बरे होतात. जीव वाचवते ते ओआरएस. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर पालखीच्या वाटेवर वैद्यकीय पथके असतात, तिथे दाखवा. वारीसाठी आम्ही छोटी पिशवी बांधून देतो. त्यात ओआरएसची पाकिटे, पट्ट्या, पायाच्या भेगांचे मलम आणि तुमची रोजची बीपी-साखरेची औषधे वारी संपेपर्यंत पुरतील इतकी, वेळा लिहून. आदल्या आठवड्यात चिठ्ठी आणून दिलीत तर पिशवी तयार मिळेल.

पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलांनीही ऐकावे. ही गोळी चालू असताना धावणे आणि उड्या बंद ठेवा, कोर्सनंतरही एकदम जोर लावू नका. टाचेमागे दुखले, सुजले किंवा 'कट्' आवाज आला, तर गोळी थांबवा, त्या पायावर जोर देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हातापायांना मुंग्या, आग किंवा बधिरपणा आला तरीही हेच करा. नसांचा हा त्रास कधीकधी कायमचा राहतो.

आधी सांगायलाच हवे

मधुमेहाची गोळी, विशेषतः ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असेल, तर साखर अचानक उतरू शकते. तापात माणूस जेवत नाही, साखरेची गोळी मात्र नेमाने घेतो, वर ही गोळी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे, असे झाले तर लगेच साखर-पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. घरी ग्लुकोमीटर असेल तर या दिवसांत जरा जास्त वेळा तपासा. पट्ट्या संपल्या असतील तर आमच्याकडे आहेत.

कंबरदुखीच्या अनेक गोळ्यांत टिझॅनिडीन असते. ते सिप्रोबरोबर अजिबात घ्यायचे नाही. रक्तदाब धाडकन उतरतो आणि माणूस गुंगीत जातो. रक्त पातळ करण्याचे वॉरफरिन, दम्याचे थिओफिलीन, फिटची औषधे आणि हृदयाच्या ठोक्यांची औषधे चालू असतील तर चिठ्ठी लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगा. मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार असेल तर ही औषधे टाळतात. महाधमनीला फुगा असलेल्यांसाठी २०१८ मध्ये इशारा निघाला. छातीत, पोटात किंवा पाठीत अचानक कळ आली तर थेट दवाखाना गाठा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि लहान मुलांच्या बाबतीत डॉक्टर ही औषधे क्वचितच आणि विशेष कारणानेच लिहितात. मोठ्यांची उरलेली गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका. हात जोडून सांगतो, देऊ नका.

ऊन हाही एक मुद्दा आहे. या गोळ्यांवर असताना काहींची कातडी उन्हाने भाजल्यासारखी लाल होते. एप्रिलमधल्या खरड छाटणीला द्राक्षबागेत जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला टॉवेल विसरू नये.

डोळ्यांच्या आणि कानांच्या काही थेंबांतही हेच औषध असते. थेंबांना दुधाचे पथ्य नाही. पण २०२३ च्या पावसाळ्यात डोळे आले तेव्हा थेंबांसाठी रांग लागली होती, ती साथ मुख्यतः विषाणूंची होती. थेंब जंतूंसाठी आहेत.

"दोनच गोळ्या द्या की" याला आम्ही नाही का म्हणतो

यावरून काही जण नाराज होतात, हे आम्हाला माहीत आहे. जुने रिकामे पाकीट किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून "हीच द्या, मागच्या वेळी लागू पडली होती" म्हणणाऱ्याला आम्ही चिठ्ठी विचारतो. लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सीफ्लॉक्सासिन ही शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे विक्रीवर कायद्याने जास्त कडक नियम असलेल्या यादीतली औषधे आहेत. १ मार्च २०१४ पासून या औषधांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते. त्यात डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ती तीन वर्षे जपायची. सिप्रो आणि ऑफ्लोलाही चिठ्ठी लागतेच. नाव विचारण्यात तुमच्यावर अविश्वास नाही.

पण कायदा नसता तरी आम्ही नाहीच म्हटले असते. १९९० च्या दशकात विषमज्वरावर सिप्रो हुकमी होते. घरोघरी दोन-दोन गोळ्या खाल्ल्या गेल्या, आणि आज विषमज्वराचे जंतू त्याला जुमानत नाहीत. डॉक्टरांना दुसरी औषधे लिहावी लागतात. लेव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सीफ्लॉक्सासिन तर औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचे मोलाचे हत्यार आहे. जुन्या खोकल्यावर स्वतःच्या मनाने ते आठवडाभर घेतले, की टीबी तात्पुरता दबतो, तपासणीत सापडत नाही आणि दोन महिन्यांनी जास्त जोराने उठतो. साध्या सायनस, ब्राँकायटिस किंवा लघवीच्या साध्या जळजळीला दुसरे औषध चालत असेल तर ही औषधे वापरू नयेत, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१६ मध्ये सांगितले. म्हणून डॉक्टरांनी या वेळी वेगळी, साधी गोळी लिहिली तर "भारी द्या" असा आग्रह धरू नका.

कापलेले पाकीट आम्ही परत घेत नाही. घरी ते कुठे ठेवले होते, हे आम्हाला कळणार नसते, आणि ती गोळी दुसऱ्या आजाऱ्याला विकणे आम्हाला पटत नाही. त्यापेक्षा डॉक्टरांनी लिहिली तितकीच गोळी मोजून देतो, एकही जास्त नाही. वेळा मराठीत आणि कन्नडमध्ये पाकिटावर लिहून देतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सगळ्या गोळ्या, पातळ औषधे, ताकदीच्या कॅप्सूल, अगदी आयुर्वेदिक भस्मे आणि चूर्णेसुद्धा, एका पिशवीत घालून घेऊन या. कोणती गोळी कोणाबरोबर नको ते पाहून आम्ही दिवसाचा तक्ता लिहून देऊ, आणि डॉक्टरांना विचारण्यासारखे काही निघाले तर तेही वेगळे लिहू. औषधे आमच्याकडून घेतलेली नसली तरी चालतील. दुपारी २ ते ४ दुकानात गर्दी कमी असते, त्या वेळी निवांत बोलता येते.