इरॉस (४३३)

पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारा, माणसाला माहीत झालेला पहिला लघुग्रह. १३ ऑगस्ट १८९८ रोजी बर्लिनच्या युरेनिया वेधशाळेत गुस्टाफ विट दुसऱ्याच एका लघुग्रहाच्या मागावर होते. दोन तास प्रकाश घेतलेल्या छायाचित्रात तारे ठिपक्यांसारखे आले आणि इरॉस मात्र रेघ होऊन उमटला. त्याच रात्री नीस येथे ओग्युस्त शार्ल्वा यांनीही तो टिपला होता. श्रेय विट यांच्याकडे गेले. लघुग्रहांना स्त्रीनामे देण्याचा तोवरचा प्रघात मोडून याला ग्रीक प्रेमदेवाचे नाव ठेवण्यात आले.

इरॉसला सूर्याभोवती फिरायला ६४३ दिवस लागतात. कक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्याने सूर्यापासूनचे त्याचे अंतर सुमारे १७ कोटी ते २६.७ कोटी किमी. असे बदलते; म्हणजे मंगळाच्या अलीकडे आणि पलीकडे अशी त्याची ये-जा चालते. पृथ्वीची कक्षा तो सध्या ओलांडत नाही.

इरॉसचे खरे महत्त्व मोजपट्टी म्हणून. केप्लरच्या नियमांवरून ग्रहांच्या अंतरांची प्रमाणे कळतात, किलोमीटर कळत नाहीत. एखाद्या जवळच्या गोलाचे अंतर पृथ्वीवरील दूरदूरच्या ठिकाणांहून, लंबनाने (म्हणजे जागा बदलल्यावर त्याच्या स्थानात दिसणाऱ्या कोनीय फरकावरून) मोजले की सगळ्या सूर्यमालेची मापे हाती येतात. या कामी शुक्राच्या अधिक्रमणाची (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसण्याची) वाट पाहण्यात पिढ्या जात. इरॉस जवळ येतो आणि दिसतोही ताऱ्यासारखा बिंदुवत, त्यामुळे त्याचे स्थान नेमके ठरवता येते. १९००-०१ आणि १९३०-३१ मध्ये अनेक देशांतील वेधशाळांनी मिळून त्याचे वेध घेतले. दुसऱ्या वेळी तो सुमारे २.६ कोटी किमी.वर आला होता. त्या वेधांवरून हॅरोल्ड स्पेन्सर जोन्स यांनी सूर्याचे लंबन ८.७९० विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) काढले. आजच्या मूल्याशी ताडल्यास पृथ्वी ते सूर्य या सुमारे १५ कोटी किमी. अंतरात चूक जेमतेम सत्तर हजारांची! पुढे रडारने ही पद्धत मागे टाकली.

इरॉसची लांबी सुमारे ३४ किमी., जाडी ११ किमी.; आकार मध्ये दबलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखा. ५ तास १६ मिनिटांत तो स्वतःभोवती फिरतो आणि कधी आडवा, कधी टोकाकडून दिसल्याने त्याची तेजस्विता कमीजास्त होते. तो खडकाळ, सिलिकेटी (एस) प्रकारचा असून घनता २.६७ ग्रॅ./घ. सेंमी. आहे. सत्तर किलोच्या माणसाचे वजन तिथे पन्नास ग्रॅमही भरणार नाही.

नासाचे ‘निअर शूमेकर’ यान डिसेंबर १९९८ मध्ये इंजिनाच्या बिघाडामुळे नुसतेच जवळून निघून गेले. अखेर १४ फेब्रुवारी २००० रोजी ते इरॉसभोवती फिरू लागले. प्रेमदेवाच्या भेटीला दिवसही साजेसा मिळाला. खोलगट जागी साचलेली बारीक धूळ आणि एकाच मोठ्या विवरातून उडालेले असंख्य धोंडे त्याने दाखवले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी ते इरॉसवर उतरवण्यात आले. उतरण्यासाठी पाय नसलेले हे यान त्यानंतरही दोन आठवड्यांहून अधिक काळ माहिती पाठवत राहिले.